कोठार: चार ठिकाणचे सर्व्हर, बॅकअपचं एक मशीन

१ मे २०२५, गुरुवार

सुट्टी आहे, तर आज मोजदाद उरकतो. चारही सर्व्हरचा बॅकअप एका मध्यवर्ती मशीनवर आणायचाय; तो नेमका कशाकशाचा घ्यायचा, हे आधी कागदावर हवं.

पुण्यात घरी एक सर्व्हर आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं मिळून त्यावर १.४ टीबी होतात. सांगलीला मामांकडे एक छोटं मशीन आहे. मामांनी स्पूल आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या गाण्याच्या खासगी बैठकींची रेकॉर्डिंग त्यात आहेत, साधारण ६०० जीबी. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा एक व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला आभासी सर्व्हर), त्यावर मेल आणि दोन-तीन वेबसाइट. चौथा सर्व्हर एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा. तिथे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. पुस्तकांची यादी, सभासद, रोजची देवघेव सगळं त्यातच.

आज प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. घरी अधूनमधून बाहेरची डिस्क लावतो. मामा हाताने कॉपी करतात. कोहा रोज रात्री स्वतःचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, काढतं, पण तो ठेवतं त्याच डिस्कवर. डिस्क गेली की मूळही गेलं आणि डंपही.

पुन्हा कधीच मिळणार नाही असं काय आहे, याचा क्रम लावला. मामांची रेकॉर्डिंग सगळ्यांत वर. जुन्या टेपवरचा चुंबकीय थर सुटत चाललाय; काही स्पूल एकदा वाजले ते शेवटचेच. त्याखाली फोटो, मग वाचनालय, शेवटी व्हीपीएस. वेबसाइट पुन्हा उभारता येते.

४ मे, रविवार

आजचा दिवस एकाच प्रश्नात गेला: प्रत्येक सर्व्हरने आपला डेटा मध्यवर्ती मशीनकडे ढकलायचा, की मध्यवर्ती मशीनने सगळीकडून ओढून आणायचा?

ढकलण्यात सोय आहे. घरच्या राउटरमागे बसलेल्या मशीनपर्यंत बाहेरून पोचावं लागत नाही. पण मग प्रत्येक सर्व्हरकडे बॅकअपच्या जागी लिहिण्याची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजीची गुप्त फाइल, राहते. उद्या व्हीपीएसमध्ये कोणी घुसलं, तर तीच किल्ली वापरून तो बॅकअपही पुसू शकतो. खंडणी मागणारे हल्लेखोर आधी बॅकअपच शोधतात. बॅकअपच्या प्रोग्रामांपैकी बोर्गमध्ये आणि रेस्टिकच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये 'फक्त भर घाला, काढू नका' अशी सोय आहे, पण जुन्या प्रती छाटायची वेळ आली की ती कुठून तरी सैल करावीच लागते.

ओढण्यात उलटा धोका: मध्यवर्ती मशीनकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या जमा होतात.

म्हणून या प्रकल्पात प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: हे मशीन परक्याच्या हाती लागलं, तर त्याला काय काय पुसता येईल? उत्तर 'फक्त त्या मशीनवरचं' असंच यायला हवं. ओढण्याच्या पद्धतीत ते जमवता येतं, किल्ल्या वाचण्यापुरत्याच दिल्या तर. ओढायचंच.

११ मे, रविवार

मध्यवर्ती मशीन उभं केलं. जुना ऑफिसचा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, ८ टीबीच्या दोन डिस्क. होस्टनेम 'कोठार'. डेबियन १२ ही लिनक्स, डिस्कवर झेडएफएस या फाइलव्यवस्थेचा मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत. चालू मशीन सरासरी २५ वॅट घेतं, म्हणजे महिन्याला १८ युनिट. परवडतं.

मिररमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. मला झेडएफएस हवं होतं ते स्नॅपशॉटसाठी, म्हणजे त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीसाठी. रात्री डेटा ओढून झाला की त्या-त्या सर्व्हरच्या डेटासेटचा (झेडएफएसमधल्या वेगळ्या कप्प्याचा) स्नॅपशॉट घ्यायचा. दुसऱ्या रात्री हल्लेखोराने कूटबद्ध केलेला कचरा ओढून आला, तरी कालचा स्नॅपशॉट जसाच्या तसा राहतो, कारण त्यात कोणालाच लिहिता येत नाही. शिवाय बदललेल्या ब्लॉकपुरतीच (डिस्कवरच्या तुकड्यांपुरतीच) जागा जाते. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो आणि महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या ब्लॉकची तपासणी, चालवली की आतल्या आत सडलेलं काही असेल ते दिसतं आणि दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त होतं.

डेटासेट एन्क्रिप्ट केले आहेत. घरातून मशीनच चोरीला गेलं तर आमचे फोटो आणि वाचनालयाच्या सभासदांचे पत्ते चोराला वाचता येऊ नयेत. याची किंमत अशी की रीबूटनंतर पासफ्रेज (अनेक शब्दांचा पासवर्ड) हाताने द्यावा लागतो. ती मी मोजायला तयार आहे.

१८ मे, रविवार

जाळं. सांगलीच्या आणि वाचनालयाच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही. राउटरवर १०० पासून सुरू होणारा पत्ता दिसतो, १००.६४.०.० पासूनचा हा पट्टा, कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी राखून ठेवलेला. बाहेरून आत यायला वाट नाही.

उपाय वायरगार्ड, म्हणजे मशीनांमध्ये इंटरनेटवरून खासगी कूटबद्ध वाट काढणारा प्रोग्राम. २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीपासून, तो लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आला आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. मुंबईच्या व्हीपीएसला सार्वजनिक पत्ता आहे, म्हणून तो मधला सांधा. बाकी सगळी मशीनं त्याला जोडतात आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवतात.

फायरवॉलचे नियम एकाच दिशेचे. कोठारकडून बाकीच्यांच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर कूटबद्ध वाटेने जाण्याच्या) दारावर, जाता येतं. कोठारकडे जोडणी सुरू करायला चार सर्व्हरपैकी कोणालाही मुभा नाही, व्हीपीएसलाही नाही. वायरगार्डचं एन्क्रिप्शन सांध्यावर उलगडतं, पण आतून एसएसएचच धावतं, त्यामुळे व्हीपीएसला फक्त कूटबद्ध पॅकेट दिसतात. एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) मात्र मी प्रत्येक मशीनवर स्वतः बसून ताडून घेतल्या. मध्ये परका सांधा असताना ओळख न पाहता 'येस' टाइप करून पुढे जाण्यात अर्थ नाही.

२५ मे, रविवार

पाऊस मे संपायच्या आतच दारात आलाय. दिवसभर घरात बसून किल्ल्यांचं काम केलं. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची होती.

डेटा ओढायला आरसिंक. १९९६ पासूनचा प्रोग्राम, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचा, आजही या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याच्याबरोबर आरआरसिंक नावाची छोटी स्क्रिप्ट येते. सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज (कोणत्या किल्ल्या चालतील त्याच्या) फाइलमध्ये कोठारच्या किल्लीपुढे 'हीच आज्ञा चालेल' म्हणून ती बांधून टाकायची आणि 'फक्त वाचन' हा पर्याय द्यायचा. सोबत बाकीच्या सोयी बंद करणारा 'रिस्ट्रिक्ट' आणि कोठारचा वायरगार्डचा पत्ता. मग त्या किल्लीने शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळत नाही, पोर्ट पुढे नेता येत नाही, काही लिहिताही येत नाही. सगळ्या फाइली वाचायला रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) लागतो, म्हणून एसएसएचच्या सेटिंगमध्ये रूटला 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली' (बांधून दिलेलीच आज्ञा) एवढीच परवानगी.

आरआरसिंकला एकच फोल्डर नेमून देता येतो. 'सगळी डिस्क' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मग कोठारला पासवर्डच्या फाइली आणि टीएलएसच्या (वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीच्या) खासगी किल्ल्याही दिसल्या असत्या. त्याऐवजी प्रत्येक सर्व्हरवर एक फोल्डर केला आणि बॅकअपला लागणाऱ्या जागा त्यात बाइंड माउंटने (तोच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवण्याच्या सोयीने), फक्त वाचण्यापुरत्या, आणून ठेवल्या. काय घ्यायचं याची यादी सर्व्हरच ठरवतो, कोठार नाही. ही रचना मला फार पटली.

आता दुसरी बाजू. ज्याच्याकडून ओढतोय तो सर्व्हरच बिघडलेला असेल तर? ही शंका हवेतली नाही. १४ जानेवारी २०२५ ला आरसिंकमधल्या सहा त्रुटी एकदम जाहीर झाल्या आणि ३.४.० आवृत्ती आली. त्यांतल्या काही अशा, की समोरचा दुष्ट सर्व्हर ओढणाऱ्याच्या मशीनवरच्या भलत्या फाइली वाचू शकेल किंवा भलत्या जागी लिहू शकेल. डेबियनने १२ साठीही दुरुस्त्या दिल्या आणि त्या लावलेल्या आहेत, पण पुढची त्रुटी कधी निघेल सांगता येत नाही. म्हणून कोठारवर आरसिंक रूट म्हणून चालत नाही. प्रत्येक सर्व्हरला वेगळं साधं खातं, आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवरची कामं चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेत त्या खात्याला फक्त स्वतःचा डेटासेट दिसतो. वाचनालयाचा सर्व्हर परक्याच्या हाती पडला तर मामांच्या रेकॉर्डिंगच्या जवळपासही कोणाला जाता येत नाही.

साध्या खात्याला फाइलींची मूळ मालकी लावता येत नाही. त्यासाठी आरसिंकचा 'फेक-सुपर' पर्याय: मालकी, गट, परवानग्या हे सगळं विस्तारित गुणधर्मांत (फाइलीला जोडलेल्या जादा नोंदींत) नोंदून ठेवतो. परत पाठवतानाही तोच पर्याय द्यावा लागतो, नाहीतर सगळ्या फाइली बॅकअपच्या खात्याच्या नावावर उतरतात. ही ओळ प्रत्येक डेटासेटच्या वरच्या फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवली, कारण परत आणायची वेळ येईल तेव्हा मी जवळ असेनच असं नाही.

१ जून, रविवार

डेटाबेस. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धं पान आधीचं आणि अर्धं नंतरचं असा मेळ नसलेला संच हाती येतो. प्रत्येक सर्व्हर रात्री दीडला स्वतःचा डंप काढेल आणि कोठार अडीचला ओढेल. वाचनालयात कोहाचा स्वतःचा डंप चांगला आहे: डेटाबेस एका फाइलमध्ये, सेटिंग दुसऱ्या फाइलमध्ये. तसाच ठेवला. फोटोंच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. तिथला डंप मुद्दाम न आवळता (कॉम्प्रेस न करता) काढतो, म्हणजे आरसिंकला बदललेला भागच आणता येतो. आवळायचं काम कोठारवर झेडएफएस करतं.

डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा, पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं. अर्धवट फाइल ओढली जाण्याचा प्रश्नच मिटतो.

८ जून, रविवार, सांगली

६०० जीबी, आणि मामांच्या जोडणीचा अपलोड २० एमबीपीएस. अखंड चाललं तरी जवळजवळ पावणेतीन दिवस, आणि मध्ये वीज जाणार हे धरूनच चालायचं. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घालून एसटीने पुण्याला न्यायची. डिस्क प्रवासासाठी एन्क्रिप्ट केली. कॉपी करताना फाइलींच्या वेळा जशाच्या तशा राहतील हे पाहिलं. आकार आणि वेळ जुळली की आरसिंक ती फाइल पुन्हा ओढायला जात नाही.

कॉपी चालू असताना मामांशी बोलताना खरी अडचण कळली. मामा रोज फोल्डरांची नावं बदलतात. आज 'अनोळखी यमन, बहुधा १९७२' असं असतं. उद्या कोणा जाणकाराला ऐकवलं की गायकाचं नाव आणि गाव कळतं, मग फोल्डरचं नाव बदलतं. आरसिंकला नाव बदललेलं कळत नाही. त्याच्या लेखी जुना फोल्डर गेला आणि नवा आला. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक तास फ्लॅकमध्येही (आवाजातलं काही न गमावता आवळणाऱ्या फाइलप्रकारातही) जीबीच्या आसपास जातो. चार तासांच्या बैठकीचं नाव सुधारलं की चार जीबी पुन्हा तारेवरून.

'मामा, नावं बदलू नका असं मी म्हणणार नाही,' मी म्हटलं. 'पण ती फोल्डरवर न लिहिता दुसरीकडे लिहिली तर?'

मामा उठून कपाट उघडून आले. प्रत्येक स्पूलच्या खोक्यावर त्यांनी पूर्वीच लाल पेन्सिलीने क्रमांक घातलेला आहे. 'अरे, हा क्रमांक कधीच बदलत नाही. फोल्डरला हाच दे. बाकीची माहिती माझ्या वहीत आहेच, ती तुझ्या त्या एक्सेलमध्ये भरतो.'

संध्याकाळपर्यंत सगळे फोल्डर क्रमांकावर आले आणि यादी वेगळ्या फाइलमध्ये. राग, गायक, साल, कोणी ओळखलं, कधी ओळखलं: आता ओळख बदलल्याचा इतिहासही स्नॅपशॉटमध्ये राहील. संग्रहालयांतही वस्तूला क्रमांक आणि माहिती नोंदवहीत अशीच पद्धत असते. मामांना ती खोक्यांपुरती आधीपासूनच सुचलेली होती.

आणखी एक गोष्ट हाती लागली. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ हा चेकसम नोंदलेला असतो. त्यामुळे फाइल शाबूत आहे की नाही, हे वर्षांनंतरही तिच्यावरूनच तपासता येतं, वेगळी यादी हरवली तरी.

१५ जून, रविवार

वेळापत्रक आणि सूचना. सिस्टमडीचे टायमर लावले. मशीन बंद असताना चुकलेलं काम सुरू झाल्यावर चालेल, पण सगळी एकदम सुटू नयेत म्हणून प्रत्येकाला थोडा इकडेतिकडे उशीर.

सूचनेबद्दल माझं मत ठाम आहे: बिघडलं की कळवणारी व्यवस्था पुरेशी नाही, कारण बिघडलेल्या मशीनकडून कळवणं होतच नाही. प्रोग्रामचा कोड साठवून देणाऱ्या गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं उदाहरण जाहीर आहे. त्यांचा डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा रोजचे डंप निघतच नव्हते, कारण डंप काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा होता आणि सर्व्हर ९.६ चा. अपयशाचे मेल जात होते, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याचा आहे का पाहणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट हाती होता.

म्हणून उलटी रचना. व्हीपीएसवर हेल्थचेक्स हा मुक्त-स्रोत प्रोग्राम बसवला. काम नीट झालं की कोठार तिथे हजेरी लावतं. ठरल्या वेळेत हजेरी आली नाही की माझ्या फोनवर सूचना. हजेरीच्या अटीही कडक: आरसिंक यशस्वी, ओढलेला डंप २४ तासांच्या आतला, आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या डंपच्या शेवटी 'डंप पूर्ण' ही ओळ असलीच पाहिजे. ती ओळ नसेल तर डंप मध्येच तुटलाय.

२६ जून, गुरुवार

गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. यूपीएस नटला (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामला) जोडलेला आहे. बॅटरी उतरत आली तसं कोठार स्वतःहून नीट बंद झालं. वीज आल्यावर सुरू झालं, पासफ्रेज नसल्यामुळे डेटासेट बंदच, कामं थांबलेली, आणि ठरल्याप्रमाणे हजेरी चुकल्याची सूचना आली. ऑफिसातून पासफ्रेज दिला, राहिलेली कामं लागली. अपेक्षेप्रमाणे.

१३ जुलै, रविवार

घरचा सर्व्हर आणि कोठार एकाच घरात आहेत. फोटोंच्या दोन प्रती आहेत खऱ्या, पण एकाच छपराखाली. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांच्यातल्या अनेकांचं दोन्ही गेलं. पुण्यातल्या एका फ्लॅटला तर शॉर्ट सर्किटही पुरेल.

दुसरी प्रत नागपूरला ताईकडे. तिथे एका डिस्कचं छोटं मशीन ठेवलं. तेही ओढतं, कोठारला नागपूरमध्ये शिरताच येत नाही. कोठारवर नागपूरच्या किल्लीपुढे एक लहान स्क्रिप्ट बांधलेली आहे, ती फक्त मागितलेल्या दोन स्नॅपशॉटमधला फरक पाठवते. पाठवतानाही कच्च्या स्वरूपात, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले ब्लॉक तसेच. ताईच्या घरी पासफ्रेज नाही आणि लागतही नाही. नागपूर किती जुन्या प्रती ठेवेल, हे नागपूरच ठरवतं.

मूळ प्रश्न इथे पुन्हा लावून पाहिला. कोठार परक्याच्या हाती लागलं तर? तो कोठारवरचं सगळं पुसेल, पण चार सर्व्हर शाबूत आणि नागपूरचे जुने स्नॅपशॉटही शाबूत. व्हीपीएस लागला तर जाळं तुटेल, डेटा नाही. नागपूरचं मशीन गेलं तर त्याला वाचता न येणारे ब्लॉक मिळतील. हे उत्तर मला चालतं.

फोटोंच्या आणि रेकॉर्डिंगच्या याद्या रेस्टिकने एका ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येही (इंटरनेटवरच्या साठ्यातही) जातात. आकार किरकोळ आहे, पण दोन्ही प्रती झेडएफएसवरच विसंबून असाव्यात हे मला नको होतं.

३ ऑगस्ट, रविवार, वाचनालय

सगळं परत आणून पाहण्याचा दिवस. नवं रिकामं व्हर्च्युअल मशीन, त्यावर तीच कोहा आवृत्ती, आणि कोठारवरून आणलेला कालच्या रात्रीचा डंप. कोठारला सर्व्हरवर लिहिता येत नाही, म्हणून किल्ली या बाजूने तयार केली आणि काम झाल्यावर काढून टाकली. डंप उतरला, मग झेब्राची (कोहाच्या शोधयंत्रणेची) शोधसूची नव्याने बांधली. ती बांधेपर्यंत पुस्तकं डेटाबेसमध्ये असूनही शोधात एकही दिसत नाही, म्हणून ही पायरी कागदावर ठळक लिहिली.

ग्रंथपालबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी स्वतः सभासद शोधले, जोडाक्षरांची नावं नीट आली आहेत का पाहिलं, दंडाची थकबाकी ताडली. मग विचारलं, 'समजा संध्याकाळी सात वाजता मशीन गेलं, तर आज सकाळी दिलेली पुस्तकं यात दिसतील का हो?'

दिसणार नाहीत. डंप रात्री दीडचा.

'सकाळी किती पुस्तकं जातात तुम्हाला कल्पना आहे ना? कोणाकडे काय आहे तेच कळणार नाही.'

दुपारी वाचनालय बंद असतं. त्या वेळेत दुसरा डंप आणि कोठारची दुसरी फेरी लावली. आता फार तर एका सत्राची देवघेव जाईल, आणि तेवढी वहीत लिहायला बाई तयार आहेत. एका दिवसाचं नुकसान चालेल की नाही, हे काउंटरवर बसणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. हा प्रश्न मी यापुढे प्रत्येक ठिकाणी त्यांनाच विचारणार आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

कोठार नाहीच असं धरून चाचणी. नागपूरहून मामांच्या डेटासेटचे ब्लॉक एका नव्या डिस्कवर आणले. पासफ्रेज माझ्या डोक्यातून न देता कागदावरून द्यायचा होता. तो कागद बंद पाकिटात सांगलीला, मामांच्या स्पूलच्या कपाटात आहे. डेटा नागपूरला, पासफ्रेज सांगलीला. दोन्ही एका घरात नाहीत. मामांनी फोनवर एकेक शब्द वाचून दाखवला, डेटासेट उघडला. सगळ्या फ्लॅक फाइलींची आतली तपासणी चालवली. एकही नापास नाही.

पाकिटात पासफ्रेजबरोबर दोन पानं आणखी घालायची आहेत: कोणत्या क्रमाने काय उभं करायचं, आणि फेक-सुपरची ती ओळ. ती पानं ताईला आधी वाचायला देणार. तिला या कामाची ओळख नाही. ती जिथे अडेल तिथे मजकूर सुधारायचा.

ताईच्या मशीनला अजून यूपीएस नाही. दिवाळीत नागपूरला जाताना घेऊन जाणार, आणि तिथली डिस्क कपाटातून बाहेर काढून पंख्याच्या वाऱ्यात ठेवणार. उन्हाळ्यात तिथलं बंद कपाट डिस्कला सोसणारं नाही.